ग्वाल्हेरच्या कष्टकऱ्यांची पाठ आणि हाताने होणारा उपचार

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने करायचा उपचार. उपचारक सांधा हालचालीच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथे छोटा, वेगवान दाब देतो. पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज येतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते तेव्हा तो येतो. या पद्धतीचा आरंभ १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट इथे झाला असे मानतात. डॅनियल डेव्हिड पामर यांचा पहिला रुग्ण हार्वे लिलार्ड हा त्याच इमारतीत साफसफाई करणारा कृष्णवर्णीय कामगार होता. त्याला नीट ऐकू येत नव्हते. मणक्यावरच्या दाबाने त्याचा कान उघडला हा पामर यांचा दावा आजचे शरीरशास्त्र मान्य करत नाही, पण पाठ आणि मान यांच्या दुखण्यावर ही पद्धत जगभर टिकली. पामर यांच्या नावाच्या शाळेने मात्र पुढे कित्येक दशके कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला नाही. ज्याच्या पाठीवर विद्या सिद्ध झाली असे सांगितले गेले, त्याच्या समाजाला ती शिकायला मिळाली नाही. वंचितांच्या उपचाराचा प्रश्न या विद्येला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. हाताने मणके हलवण्याचे शास्त्रीय काम इथे मुख्यतः फिजिओथेरपिस्ट करतात. त्यांचे पहिले विद्यालय १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओग्रस्त मुलांच्या गरजेतून सुरू झाले, आणि या व्यवसायाला देशव्यापी कायद्याची चौकट २०२१ मध्ये मिळाली. ग्वाल्हेरमध्ये १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. १८५७ च्या शताब्दीचे निमित्त साधून १७ ऑगस्ट १९५७ रोजी सुरू झालेली लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे. खेळाडूंच्या दुखापतींचे ज्ञान शहरात रुजले त्यात तिचा वाटा मोठा. या सगळ्याच्या आधीपासून आहेत ते आखाड्यातले पहिलवान. लचक काढणे, खांदा बसवणे, उतरलेली नस चढवणे ही कामे ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले. गरीब माणूस अजूनही पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो आणि दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याच्या पाठीला दोन-चार हात लागून गेलेले असतात.

पाठ कोणाची आहे, हे इथे आधी पाहावे लागते. शहराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला घाटीगावच्या पट्ट्यात वालुकाश्माच्या खाणी आहेत. तिथला फिकट दगड ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने बाजारात विकला जातो. तो फोडणारे, तासणारे आणि ट्रकमध्ये चढवणारे हात पुष्कळसे सहरिया आदिवासींचे आणि दलितांचे असतात. सहरिया हा केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेला आदिवासी समूह. त्याची वस्ती गावाच्या कडेला वेगळी असते. तिला सहराना म्हणतात. धान्याच्या मंडईत पल्लेदार, म्हणजे हमाल, पन्नास किलोची पोती पाठीवर घेतात. शहराची गटारे आणि रस्ते वाल्मीकी समाजातले स्त्री-पुरुष साफ करतात. हजिरा आणि बिर्लानगर भागातली कापडगिरणी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली, तेव्हा तिथले कामगार हातगाडी, हमाली, चौकीदारी अशा कामांना लागले. त्यांच्या म्हाताऱ्या पाठी आजही दवाखान्यांत दिसतात.

मराठी उपचारकाला यात आणखी एक अंतर ओलांडायचे असते. शहरातली लष्कर ही वस्ती दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० पासून वाढली आणि तिच्या वाड्यांत राहणारी मराठी कुटुंबे दरबाराची, फौजेची, दफ्तराची होती. खाणीवरचा मजूर टेबलाजवळ येऊन हात जोडून उभा राहतो आणि खुर्ची दाखवली तरी जमिनीवर टेकतो, तेव्हा या इतिहासाचे काही ना काही त्या खोलीत हजर असते. उपचारकाचे मन कितीही साफ असले तरी रुग्णाला ते ठाऊक नसते. दलित संघटनांनी पुकारलेल्या २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना इथे हिंसाचार झाला, माणसे मेली. ज्या वस्त्यांनी तो दिवस पाहिला, तिथला रुग्ण नव्या दवाखान्याचे दार चाचपूनच उघडतो.

हा उपचार स्पर्शाशिवाय होत नाही. गोळी लांबून देता येते, सुई क्षणात टोचून होते. इथे मात्र अर्धा तास एका माणसाचे हात दुसऱ्याच्या उघड्या पाठीवर असतात. जातिव्यवस्थेने सर्वांत कडक नियम केले ते याच गोष्टीवर. दुसऱ्याचे अंग चोळण्याचे, बाळंतिणीला मालिश करण्याचे काम या भागात न्हावीण आणि दाई करीत आल्या. शरीराला हात लावण्याची विद्या समाजाने खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली आणि तिचा मानही ठेवला नाही. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. प्रवेश मिळाला, तरी हात कसा लागतो हे कायदा ठरवू शकत नाही.

ते छोट्या गोष्टींत ठरते, आणि रुग्ण त्या सगळ्या पाहत असतो. उपचारक हात केव्हा धुतो हे त्यातले सर्वांत बोलके. एखाद्या सफाई कामगाराला तपासल्यावर लगेच नळाकडे धाव घेतली, तर पुढे कितीही गोड बोलले तरी उपयोग होत नाही. प्रत्येक रुग्णाच्या समोर, त्याला हात लावण्याआधी हात धुवावेत आणि ही रीत सर्वांसाठी एकच ठेवावी; त्याने स्वच्छताही साधते आणि संशयाला जागा राहत नाही. टेबलावरची चादर प्रत्येकाच्या देखत बदलावी. पाण्याचे पेले सगळ्यांसाठी एकच असावेत. नोंद करताना आडनाव मोठ्याने विचारू नये, कारण भरल्या खोलीत आडनाव म्हणजे जात. नाव घेऊन ‘जी’ लावले, किंवा वयाप्रमाणे भैया, दीदी, अम्मा म्हटले की काम भागते. ‘ए’ आणि ‘तू’ या हाकांनी अनेक रुग्ण परत गेलेले आहेत. उपचाराच्या खोलीत ते कोणी बोलून दाखवत नाही. फक्त पुढच्या वेळी येत नाही.

बायकांच्या बाबतीत अडचण दुहेरी. मोठा दीर किंवा सासरा खोलीत असेल तर घुंघटातली सून तोंडातून शब्द काढत नाही. कुठे दुखते हेही नवराच सांगतो, आणि तो सांगतो ते ठिकाण बरेचदा चुकीचे असते. अशा वेळी पुरुषांना बाहेर बाकावर बसवून सासूला आत घेतले की गोष्ट सुरळीत होते. सासू अडथळा असते असे धरून चालणारे उपचारक एक चांगली सोबतीण गमावतात. तिची स्वतःची कंबर दुखत असते, आणि सुनेला घरी कोणता व्यायाम करू द्यायचा हे तीच ठरवणार असते. पालथे झोपायला, पाठ उघडी करायला अनेक स्त्रिया तयार नसतात. त्यांना कुशीवर झोपवून, पातळ सुती कापडावरूनही बरेचसे काम करता येते. बहुतेक तंत्रांना त्याने बाध येत नाही. जिथे येतो तिथे ते तंत्र सोडावे, बाईची इच्छा मोडू नये. स्त्री उपचारक किंवा निदान एखादी मदतनीस स्त्री खोलीत असणे ही अशा दवाखान्याची पहिली गरज, यंत्रांच्याही आधीची. लघवी अडते का, मांड्यांच्या आत बधिरपणा येतो का, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, कारण पाठीच्या दुखण्यात त्यांचे ‘हो’ हे उत्तर तातडीच्या शस्त्रक्रियेची खूण असू शकते. आणि ते उत्तर बाई बाईलाच देते.

लोकांच्या उपचारसमजुती टिंगलीचा विषय नाहीत. पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याकडून, हलकी लाथ मारून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. उत्तर हिंदुस्तानातही हीच समजूत आहे. पोट बिघडले, ओझे उचलताना काही सरकल्यासारखे वाटले की ‘धरण डिगली’, म्हणजे नाभी सरकली, असे म्हणतात आणि ती बसवून घेतात. साधी उसण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे पायाळूच्या पायाला यश येते. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. विचारायचे ते वेगळे: कोणी ओढले, किती वेळा, त्यानंतर पाय जड झाला का, ताप आला का. पहिलवानाचे नाव सांगायला रुग्ण बिचकतो, कारण दवाखान्यात त्याबद्दल बोलणी खावी लागतात अशी त्याची खात्री असते. न रागावता विचारले तर सारा इतिहास मिळतो. काही पहिलवान फार कुशल असतात. त्यांच्याशी ओळख ठेवली, कोणती पाठ ओढायची नाही हे त्यांना दाखवले, तर तेच रुग्ण पुढे पाठवू लागतात. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुवा दुसरा नाही.

पाठ ओढू नये अशी कारणे ग्वाल्हेरच्या आसपास इतर ठिकाणांहून जास्त आहेत, आणि रुग्णाच्या समाजाचे भान ठेवणे म्हणजे काय हे इथे खरे कळते. ते नुसते सौजन्य नव्हे. सहरिया समाजात क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट आढळले आहे. त्यावर आग्रा आणि जबलपूरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थांनी काम केले आहे. अपुरे अन्न, दाटीवाटीची घरे, खाणीतल्या धुळीने निकामी झालेली फुप्फुसे ही त्याची कारणे. क्षय फुप्फुसापुरता राहत नाही, मणक्यातही उतरतो. त्याचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. मणका आतून पोखरला जातो, दोन मणक्यांमधली गादी जाते, पाठीला टोकदार कुबड येते आणि शेवटी पाय लुळे पडू शकतात. अशा मणक्यावर वेगवान दाब देणे म्हणजे सडलेल्या तुळईवर उडी मारणे.

हा रोग सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखा दिसतो, हा त्याचा धोका. दुखणे महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, रात्री जास्त होते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते. ज्याचे वजन कधी मोजलेच नाही त्याला ‘वजन घटले का’ हे विचारून उत्तर मिळत नाही. करगोटा किंवा बांगड्या सैल झाल्या का, लुगडे पूर्वीपेक्षा जास्त गुंडाळावे लागते का, हे विचारले की लगेच सांगता येते. लहान मुलाची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर नाणे टाकून उचलायला सांगावे. मणक्यात क्षय असलेले मूल कंबरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते आणि नाणे घेते. मणक्यावर बोटाने हलके ठोकल्यावर एकाच जागी तीव्र दुखले, तर उपचारकाने हात मागे घ्यावा आणि रुग्णाला क्ष-किरण, एमआरआय आणि तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवावे. मणक्याच्या क्षयावर भारतात सामान्यतः बारा महिने औषधे चालतात, ती सरकारतर्फे मोफत मिळतात, आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये झाली आहे. ही माहिती रुग्णाला तिथल्या तिथे सांगणे हा उपचाराचाच भाग. ‘मोठ्या रुग्णालयात जा’ एवढेच ऐकलेला सहरिया मजूर घरी जातो.

दुसरे कारण पाण्यात आहे. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नरवर-करैरा भागातल्या काही गावांच्या हातपंपांना फ्लोराइडयुक्त पाणी येते. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर तपकिरी पट्टे येतात, अस्थिबंध चुन्यासारखे कडक होतात आणि पाठ काठीसारखी ताठ होते. अशा रुग्णाला वाटते की कोणीतरी जोर लावून पाठ मोकळी करावी. पण ती बळाने मोकळी होत नाही, आणि कडक झालेल्या मणक्यात मज्जारज्जूला आधीच जागा कमी असते. तीन हालचालींत संशय येतो: गुडघे न वाकवता पायाची बोटे धरता येत नाहीत, हनुवटी छातीला लागत नाही, हात डोक्यामागे नेता येत नाहीत. गाव कोणते आणि पाणी कोणत्या पंपाचे, हे पाठदुखीच्या तपासणीत विचारावे लागेल असे परदेशी पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. याच्या जोडीला बायकांची हाडे असतात: ऊन अंगाला न लागणारी, अनेक बाळंतपणांत झिजलेली, चुना आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या अभावाने मऊ पडलेली. त्यांच्यावरही जोराचा दाब वर्ज्य. मानेवरच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर फार मोठे असते, म्हणून डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बाईची मान झटक्याने फिरवण्याचे कारणच नाही. हलक्या हाताने, सावकाश केलेले ताण बहुतेक वेळा पुरतात. मोबाइलवरच्या चित्रफितींत कटाकट मान मोडणारे पाहून तरुण हमाल तोच आवाज मागायला येतात. त्यांना समजावून नकार देण्यात उपचारकाचा बराच वेळ जातो, आणि तो सार्थकी लागतो.

खाणकामगाराला पालथे झोपवले की कधी कधी तो धापा टाकू लागतो. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस म्हणतात तो हा असू शकतो. त्याचे काम बसवून किंवा कुशीवर झोपवून करावे, आणि छातीच्या तपासणीसाठी चिठ्ठी द्यावी.

आता सल्ल्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल. डिसेंबर २०२३ च्या तिच्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी समजावून सांगणे, व्यायाम, मणक्यांवरचा हस्तोपचार आणि मालिश यांना स्थान आहे. कमरपट्टा आणि ताण लावून खेचणे यांची शिफारस नाही. गरीब रुग्णाने मात्र आधीच मजुरीतून कमरपट्टा विकत घेतलेला असतो. ‘ओझे उचलू नका, आराम करा’ हा सल्ला रोजंदारीवरच्या माणसाला देणे म्हणजे काहीच न देणे. त्याला पोते उचलू नको म्हणता येत नाही. कसे उचलायचे, थप्पी कोणत्या उंचीवर लावून घ्यायची, दोघांनी मिळून पाठीवर कसे चढवायचे, खेपांमध्ये पाठ मागे कशी वाकवायची, हे सांगता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आहे. महाराष्ट्रात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर यावे यासाठी लढा दिला. तो लढा पाठीच्या आरोग्याचाच होता, आणि त्याने वाचवलेल्या मणक्यांची संख्या कोणत्याही दवाखान्याच्या आवाक्यातली नाही.

खर्चाचा हिशेब फक्त शुल्काचा नसतो. आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या हस्तोपचाराला किंवा व्यायामाला ते लागू होत नाही. शिवाय दिवसाची मजुरी बुडते आणि येण्याजाण्याचे भाडे लागते. ग्वाल्हेरहून सबलगड, श्योपूरकडे जाणारी सुमारे दोनशे किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी गरिबांची होती. ती २०२० मध्ये बंद झाली. एवढ्या लांबून येणाऱ्याला आठवड्यातून तीनदा बोलावणे निरर्थक आहे. एकाच भेटीत तपासणी, उपचार आणि दोन व्यायाम शिकवून, महिन्याने बोलावलेले तो पाळू शकतो.

महाराष्ट्रात या दिशेचे सर्वांत विचारपूर्वक काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा गोंड लोक सरकारी दवाखान्यात का जात नाहीत हे त्यांना विचारले. उत्तरांत एक असे होते, की डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. मग रुग्णालय आदिवासी वस्तीच्या धर्तीवर झोपड्यांचे बांधले गेले, नातेवाइकांना राहायला जागा झाली, दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशननेही गडचिरोलीसारख्या भागात मणक्यांच्या रुग्णांसाठी काम केले. ग्वाल्हेरच्या सहरानांना अशा रचनेची तितकीच गरज आहे. तिथे जाऊन, चौथऱ्यावर चटई टाकून केलेली तपासणी शहरातल्या वातानुकूलित खोलीपेक्षा जास्त माणसांपर्यंत पोचते.

गुण आला की नाही हे ओळखणेही वेगळे शिकावे लागते. ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण उपचारकाला बरे वाटेल असे उत्तर देतात. हातपंपावरून भरलेला हंडा डोक्यावर घेता येतो का, चुलीपुढे उकिडवे बसवते का, दिवसाला किती खेपा होतात, हे विचारले तर खरी प्रगती कळते, आणि नोंदवहीत तेच लिहावे. चैत्रात गहू कापणीला अनेक कुटुंबे चैतुआ म्हणून दूर निघून जातात. त्या महिन्यांत रुग्ण आला नाही म्हणून त्याची नोंद बंद करू नये. जाण्यापूर्वीच विळ्याने वाकून कापताना कंबर कशी सांभाळायची ते शिकवावे, आणि परतल्यावरची तारीख आधीच ठरवून द्यावी. फोन बहुधा नवऱ्याकडे किंवा मुकादमाकडे असतो, म्हणून बायकांची तारीख आशा कार्यकर्तीला कळवणे जास्त खात्रीचे.